राज्य कोणावर?

“मरत नाहीस, तर उठणार कधी तू?” पैलवान म्हणाला.

“कॉल आला की उठेन.”

“कॉल आला की सगळेच उठतात. कॉल नसताना कधी उठणार ते विचारतोय. अर्धा तास झाला. मी चहा प्यायलो, कप धुतला, परत चहा प्यायलो. तू आपला जिनाच चढतोयस.”

“उतरून परत चढले ते,” चष्मा कोपऱ्यातून म्हणाला. “मी बघितलं ना. एक पायरी बघायची राहिली म्हणून परत खाली गेले.”

टकघस चढतच राहिला. समोर टीव्हीवर जिना होता, हातात कंट्रोलर होता, बूट काढून पाय स्टुलावर ठेवले होते आणि सकाळपासून सहा कॉल झाले होते. त्यातला एक चौथ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला. आजीबाई स्ट्रेचरवर, आणि आजीबाईंचा हट्ट असा की उशी घ्या, आणि माझीच घ्या. भांडायला सुद्धा अंगात जीव लागतो. तेवढा शिल्लक नव्हता.

ही खोली हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी. दोन अँब्युलन्स, त्यांची माणसं कॉल नसेल तेव्हा इथे बसतात. टकघस पहिल्या गाडीचा ड्रायव्हर, पन्नाशी उलटलेला. बारशाचं नाव काय ते पगाराच्या दिवशीच निघतं. सतरा वर्षांपूर्वी एका जिन्यात त्याच्या डाव्या घोट्यावर स्ट्रेचर पडलं, रिकामं नाही, माणसासकट. तेव्हापासून त्याचा उजवा पाय टक वाजतो आणि डावा घस करत मागून येतो. टक, घस. टक, घस. व्हरांड्यात तो दिसायच्या आधी ऐकू येतो. चष्मा त्याच्याच गाडीवरचा अटेंडंट, मागे पेशंटशेजारी बसणारा. सव्वीस वर्षांचा आणि जगातले सगळे गेम खेळलेला, निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तसं. पैलवान दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. नावाचाच पैलवान, फुंकर मारली तर स्ट्रेचरवरून उडेल. पण आवाज असा की सायरन बिघडला तरी त्याची गाडी अडायची नाही. त्याचा अटेंडंट आज रजेवर होता, म्हणून त्याची गाडी उभी होती आणि तो खोलीत मोकळा होता. मोकळा पैलवान म्हणजे सगळ्यांना ताप.

खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, ऑफिसनं टाकून दिलेला, टीव्हीला जोडलेला. कंट्रोलर एकच. त्याचं एक बटण जरा तिरकं दाबलं तरच ऐकतं. माणसं चार आणि कंट्रोलर एक, म्हणजे मारामारी ठरलेली. म्हणून फार पूर्वी कुणीतरी नियम केला होता: मेला की उठायचं. गेममधला तुमचा माणूस मेला, की कंट्रोलर पुढच्याच्या हातात. घड्याळ बघायला नको, पाळी लिहायला नको, आणि कुणाला खेळता येत नाही ते आपोआप कळतं.

फक्त हा नियम मोठ्यानं बोलायचा नसतो. एकदा एका पेशंटचा जावई बाथरूम कुठे आहे विचारायला दारात आला, आणि नेमका तेव्हाच पैलवान ओरडत होता, “मेला रे मेला, ऊठ आता, किती वेळ बसणार.” जावई तिथल्या तिथे भिंतीला टेकला. सासरे आत ठणठणीत, बिस्किट खात बसलेले. जावयालाच स्ट्रेचरवर घालायची पाळी आली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी भिंतीवर कागद लावला.

मॅडम म्हणजे स्टेशनच्या इन्चार्ज. त्यांची खोली बाजूलाच, मधे फळ्यांची भिंत, ती पण छतापर्यंत न गेलेली. त्यामुळे इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं आणि तिकडची त्यांची जांभई इकडे. कागदावर तीन ओळी होत्या. एक, “मेला” म्हणायचं नाही, “आऊट” म्हणायचं. दोन, टीव्हीचा आवाज शून्यावर, कारण कॉलची बेल ऐकू आली पाहिजे. तीन, फक्त गेम. सिनेमा नाही, सिरियल नाही, काही नाही. तिसऱ्या ओळीला कारण होतं. एकदा खुनी कोण ते बघायच्या नादात एक गाडी दीड मिनिट उशिरा निघाली होती. गेम सोडून उठता येतं, असं मॅडमचं म्हणणं. गेममध्ये माणूस नाहीतरी आऊटच होत असतो. सिनेमा सोडून कुणाला उठवत नाही.

आता यात टकघसचं घोडं अडलं होतं ते असं, की त्याच्या गेममध्ये कुणी आऊट होतच नव्हतं.

गेम पेन ड्राइव्हवर होता. त्याला ओळखीसाठी नेलपॉलिशचा निळा ठिपका लावलेला. सुरू झाला की एका गल्लीच्या तोंडाशी तुम्ही उभे. संध्याकाळ. चालायला लागायचं. पळायचं बटणच नाही, पहिल्याच दिवशी चष्म्यानं सगळी बटणं दाबून बघितली. उडी नाही, बंदूक नाही, मारायला माणूस नाही, मरायला जागा नाही. गल्ली संपली की बिल्डिंग, बिल्डिंगला जिना, दहा पायऱ्यांचा. प्रत्येक पायरीवर खडूनं आकडा लिहिलेला. दहा, वीस, तीस, चाळीस, असं करत शेवटच्या पायरीवर शंभर. मग दार. दार ढकललं की घर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आतली खोली. वस्तू उचलून बघता येतात, फिरवून बघता येतात, परत ठेवता येतात. बस्स.

“बस्स?” पैलवान आता त्याच्या आणि टीव्हीच्या मधे येऊन उभा राहिला. “हा गेम झाला? मी रोज जिने चढतो, वर गेल्यावर माणूस तरी मिळतो उचलायला.”

“बाजूला हो.”

“नाही होत. पहिलं सांग हा गेम कसा.”

“काका, खरं सांगू का,” चष्मा म्हणाला. त्याला खरं सांगायची सवयच होती, कुणी विचारलेलं नसताना. “बाहेर पण यावर भांडणं चालतात. फुल्ल शिवीगाळ. असल्या गेमना चालायचे गेम म्हणतात. काही लोक म्हणतात गेम आहे, काही म्हणतात हे म्हणजे गेमच्या खेळातलं लिंबूटिंबू. पळतंय सगळ्यांबरोबर, पण धरायचं नाही, मोजायचं नाही. मी दुसऱ्या पार्टीतला.”

“मी पण,” पैलवान म्हणाला. त्याला पार्टी कुठली ते कळलं नव्हतं, पण संख्या वाढलेली बरी. “अरे, खेळ म्हणजे काय? लपाछपी घे. पकडापकडी घे. डोळ्यांवर रुमाल बांधून आंधळी कोशिंबीर घे. पहिला प्रश्न काय असतो? राज्य कोणावर? कोणावर तरी राज्य येतं, मग खेळ सुरू. राज्यच नाही तर नुसतं फिरणं झालं. यात राज्य कोणावर आहे, सांग. सांग ना.”

टकघस मान वाकडी करून त्याच्या बाजूनं जिना बघायला लागला.

त्याला जास्त लागलं ते हे, की तीन आठवड्यांपूर्वी हेच त्यानं स्वतः म्हटलं होतं. जवळजवळ याच शब्दांत. आणि पैलवानाला नाही, पोरीला.

पोरगी म्हणजे बारकी. थोरला मुलगा नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेलेला, घरात ही एकटीच उरलेली, अठरा वर्षांची. दहावीला शाळेला रामराम ठोकलेला. शाळा सोडली तेव्हा टकघसनं एक महिना आदळआपट केली, दुसरा महिना समजूत घातली, तिसऱ्या महिन्यापासून शब्द जपून वापरायला लागला, म्हणजे वापरायचाच थांबला. बारकी दिवसभर कॉम्प्युटरसमोर. काय करतेस विचारलं की, “गेम बनवतेय.” झाला का विचारलं की, “नाही.” असं दीड वर्ष. मग एका दुपारी तो ड्युटीवरून आला, बूट पण काढले नव्हते, आणि ती म्हणाली, “बाबा, झाला. बसा.”

तो बसला. तिनं पुढे केलेले हेडफोन बाजूला ठेवले, दहा मिनिटं गल्लीत चालला, एकदा भिंतीला धडकला, आणि म्हणाला, “यात करायचं काय?”

“चालायचं.”

“नुसतं फिरायचं? हा काय गेम आहे? तेवढं तर तू शाळा सोडल्यापासून करतेच आहेस.”

तोंडातून गेलेला शब्द आणि गेटबाहेर गेलेली गाडी. एकदा गेली की गेली, परत बोलावता येत नाही. बारकी ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, तोही ओरडला असता आणि जेवायच्या वेळेपर्यंत मिटलं असतं. तिनं कॉम्प्युटर खोक्यात घातला आणि मावशीकडे राहायला गेली. जाताना पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. “पूर्ण चालून बघा एकदा. मग फोन करा. पूर्ण नाही चाललात तर नका करू.”

आणि पोरगी शब्दाची पक्की. त्यानं मधे दोनदा फोन केला, तिनं नुसतं, “चाललात?” विचारलं आणि नाही म्हटल्यावर ठेवून दिला. तिसऱ्यांदा उचललाच नाही. आज एकविसावा दिवस.

घरात कॉम्प्युटर उरला नव्हता. म्हणून ही खोली, हा तिरक्या बटणाचा कंट्रोलर. आणि इथे चालणं म्हणजे काय, तर तो गल्ली संपवतो, जिना चढतो, दार ढकलतो आणि बेल वाजते. गेम मधेच सोडला की पहिल्यापासून. परत आला की परत गल्लीचं तोंड. एकवीस दिवसांत त्याला ती गल्ली एवढी पाठ झाली होती की डोळे मिटून गाडी नेली असती. आतल्या खोलीपर्यंत तो फक्त दोनदा पोचला होता.

त्यातून कळलं एवढंच, की घर त्याचंच. जुनं घर, बारकी लहान असतानाचं. पंख्याचं बटण एकवर नाहीतर पाचवर, मधलं काही नाही. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं पोरांची उंची. बायकोचं शिवणाचं मशीन, त्यावर अर्धा शिवलेला फ्रॉक. थोरल्याची सीट नसलेली सायकल. सगळं तिथल्या तिथे. स्वयंपाकघरात ओट्यावर चहाचा कप, त्यातून वाफ येतेय. पंखा चालू, दिवा चालू. आणि माणूस एकही नाही.

आणि त्याची एकही वस्तू नाही. हे त्याला दुसऱ्या खेपेला कळलं. दाराशी चपला होत्या, बायकोच्या, थोरल्याच्या, बारकीच्या चिमुकल्या. त्याचे बूट नाहीत. खुंटीवर वर्दी नाही. फडताळात त्याचा डबा नाही. दाराच्या मागची त्याची ती दांडा मोडलेली छत्री, ती पण नाही. दीड वर्ष बसून पोरीनं घरातला खिळा न् खिळा बनवला, आणि बापाची छत्री बनवायला तिला वेळ झाला नाही. पूर्ण चालून बघा म्हणाली ती यासाठीच, असं त्याला वाटायला लागलं होतं. म्हणजे बघा, तुम्ही कुठे नव्हतात.

तरी तो रोज चालत होता. दुसरं करणार काय.

“बोलत नाहीस म्हणजे तुला पण माहितीये,” पैलवान म्हणाला. “हा गेम नाही. आणि गेम नाही तर काय आहे? सिनेमा. आणि सिनेमा या खोलीत बंद. मॅडम!”

“तू गप ना.”

“मॅडम, जरा इकडे निवाडा करायला या!”

फळ्यांपलीकडून खुर्ची कुरकुरली. “पेन सापडत नाहीये मला इथे आणि तुमचे निवाडे,” मॅडमचा आवाज आला. त्याही सकाळपासून फोनवर होत्या. “काय झालं?”

“गेम नसेल तर काय करायचं? कागदावर तुम्हीच लिहिलंय.”

“गेम नसेल तर काढून माझ्याकडे जमा करायचं. एवढा रिपोर्ट संपवते, पाच मिनिटं. तोपर्यंत भांडू नका, डोकं दुखतंय.”

जमा करायचं. मॅडमच्या खणात जमा झालेल्या वस्तू परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पैलवानाची पत्त्यांची जोडी गेल्या वर्षीपासून तिथेच होती.

टकघसनं पाय स्टुलावरून काढले, परत ठेवले. पाच मिनिटं. जिना संपलेला, शंभरची पायरी झालेली. पाच मिनिटांत आतली खोली होईल का? त्यानं दार ढकललं.

“थांबा काका, मी एका मिनिटात सिद्ध करतो,” चष्मा उठला. “गेम असेल तर आवाज असतो. म्युझिक असतं, काही उचललं की टिंग होतं, चुकलं की भोंगा वाजतो. यात काहीच नसणार, पैज लावा.” आणि त्यानं रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला. शून्याचा एकदम तीस.

एकवीस दिवसांत पहिल्यांदा. दुसरी ओळ कुणी मोडली नव्हती तोपर्यंत.

म्युझिक नव्हतं. लांब कुठेतरी कुणाचा तरी नळ ठिबकत होता. पंख्याची घरघर होती. टकघसनं कंट्रोलर पुढे ढकलला. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे चालायला लागला.

टक, घस. टक, घस.

“बघा, म्युझिक पण नाही,” चष्मा म्हणाला.

टक, घस.

“आलास का टकघस?” फळ्यांपलीकडून मॅडम म्हणाल्या. “बाहेर कशाला फिरतोयस? इकडेच ये आधी, तुझंच ऐकते. आणि येताना पेन आण.”

खोलीत कुणी हललं नाही.

चष्म्यानं टकघसच्या पायांकडे बघितलं. पैलवानानं बघितलं. टकघसनं स्वतः बघितलं. पाय स्टुलावर होते. मोज्यांत. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक.

त्यानं कंट्रोलर सोडला. आवाज थांबला. परत ढकलला. टक. घस. उजवा फरशीवर आपटणारा आणि डावा मागून ओढत येणारा, आणि दोन्हींच्या मधे ती जराशी थांबण्याची जागा. ती जागा सुद्धा बरोबर होती. ती जागा माहीत व्हायला किती वर्षं कान लावून बसावं लागत असेल?

“ए, काय रे,” मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. एका हातात वाचायचा चष्मा, कपाळाला बाम. “मी हाक मारतेय ना. आणि आवाज कुणी वाढवला?” मग त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. “तू बसूनच आहेस? मग आत्ता चाललं कोण?”

चष्म्यानं नुसतं टीव्हीकडे बोट केलं.

टकघसच्या डोक्यात एकेक वस्तू जागेवर बसत होती, आणि फार हळू, दमलेल्या माणसाच्या डोक्यात बसते तशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बूट दाराशी कसे असतील? बूट पायात होते. वर्दी खुंटीवर कशी असेल, अंगात होती. डबा हातात, छत्री काखेत. तो घरात नव्हता असं नव्हतंच. तो आत्ताच घरात येत होता. पहिल्या दिवसापासून, गल्लीच्या तोंडापासून.

मग बाकीचे कुठे गेले? कपातून वाफ येतेय. दिवा चालू. सगळे आत्ता होते आणि आत्ता नाहीत.

आणि पायऱ्यांवर खडूचे आकडे. त्याला वाटलं होतं पाढे असतील, अभ्यास. दहा, वीस, तीस, चाळीस. पण शंभरावर काय नुसता दहाचा पाढाच थांबतो? आणखीही काहीतरी थांबतं. भिंतीकडे तोंड करून, डोळे झाकून मोजायचं. पन्नास, साठ, सत्तर. ऐंशी, नव्वद, शंभर. आणि मग मागे वळायचं.

बारकी चार-पाच वर्षांची असताना तिचा हा रोजचा खेळ. खाली त्याची पावलं वाजली, की ती लपायची. तो येईल आणि शोधेल म्हणून. बायको दार उघडताना हळूच सांगायची, “लपलीये हं, शोधा.” आणि तो म्हणायचा, “हो, शोधतो, जरा टेकू दे,” आणि बूट काढायच्या आधीच खुर्चीत झोपून जायचा. कधी बारा तासांची ड्युटी, कधी सोळा. मग केव्हातरी बायकोच तिला बाहेर ओढून काढायची, जेवायला. कुठून काढायची ते त्यानं कधी बघितलं नाही. एकदाही नाही.

“मला कोणी सांगेल का काय चाललंय?” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, हा गेम नाही,” पैलवान म्हणाला, पण आवाज निम्म्यानं उतरला होता. “यात आऊट नाही. स्कोअर नाही. मी याला साधा प्रश्न विचारला, राज्य कोणावर आहे, तर याला—”

“माझ्यावर,” टकघस म्हणाला.

“काय?”

“राज्य माझ्यावर आहे. तेरा वर्षं झाली.”

पैलवानानं तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःच्याच नियमात माणूस अडकला की त्याचं असं होतं, स्ट्रेचर दारात आडवं घातल्यासारखं. आत येईना, बाहेर जाईना.

“कोण लपलंय?” चष्म्यानं विचारलं. या वेळी खरं सांगायला नाही, खरंच विचारायला.

“बारकी.”

मॅडमना बारकी माहीत होती. ती शाळा सोडून बसली तेव्हाच्या महिनाभराच्या आदळआपटीतली निम्मी याच खोलीत झाली होती. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, त्या वाफेच्या कपाकडे, मग त्याच्या भोक पडलेल्या मोज्याकडे. कपाळावरचा बाम परत चोळला.

“राज्य आहे म्हणजे गेम आहे,” त्या म्हणाल्या. “चौथी ओळ लिहा खाली. ‘सापडलं की उठायचं.’ आवाज पाचवर आणा. आणि पैलवान, माझं पेन तुझ्या खिशात आहे.”

पैलवानानं पेन काढून दिलं. मॅडम रिपोर्टाकडे परत गेल्या, आणि जरा वेळानं तो खुर्ची ओढून टकघसच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “पलंगाखाली बघ. पोरं पलंगाखालीच जातात.”

पलंगाखाली नव्हती. ट्रंका होत्या, एक चेंडू होता. कपाटामागे नव्हती. शिवणाच्या मशीनखाली वाकून बघितलं, चिंध्या. चष्मा म्हणाला पडद्यामागे, तिथे नुसती भिंत. टक, घस, टक, घस, तो खोल्याखोल्यांतून फिरत होता, आणि एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला तेव्हा तिघांनाही ऐकू आलं. कुणीतरी तोंडावर हात दाबून हसतंय. बारीक. लगेच थांबलं.

“ऐकलंस?” पैलवान म्हणाला. कुजबुजून. पैलवान कुजबुजू शकतो हे त्या खोलीला पहिल्यांदा कळलं.

टकघसनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि फोन काढला.

“काका, पूर्ण नाही झालं अजून,” चष्मा म्हणाला. त्याला पोरीची अट माहीत होती, गाडीत एकवीस दिवस तेच ऐकत होता.

“माहितीये.”

फोन बराच वेळ वाजला. त्याला वाटलं, नाही उचलत. मग उचलला.

“हं,” बारकी म्हणाली. मागे मावशीचा मिक्सर चालू होता.

“मी बोलतोय.”

“नाव येतं फोनवर. पूर्ण चाललात?”

“नाही.”

“मग फोन कशाला केला?”

“तू सापडली नाहीस अजून.”

पलीकडे काहीच नाही. मग मिक्सर थांबला, आणि मग खरंच काहीच नाही. तो थांबला. त्याला घाई करायची सवय होती, एकवीस दिवस पळायचं बटण नसलेल्या गल्लीत चालून ती जरा मोडली होती.

“कुणी सांगितलं तुम्हाला?” ती म्हणाली. आवाज चिडका होता, पण चिडका धरून ठेवलेला.

“कुणी नाही. मॅडमनी. म्हणजे त्यांना वाटलं मीच चालतोय. आम्ही आवाज बंद ठेवतो इथे.”

“आवाज बंद ठेवून खेळलात? तीन आठवडे?” आता ती खरीच चिडली. “बाबा, अर्धं काम आवाजाचं आहे त्यात. चार महिने मी तुमच्या बुटांमागे फोन घेऊन फिरत होते. घरात तुम्ही आलात गेलात की रेकॉर्ड. तुम्हाला कळलं पण नाही.”

“नाही कळलं.”

“माहितीये नाही कळलं.”

“पलंगाखाली बघितलं,” तो म्हणाला. “कपाटामागे बघितलं. मशीनखाली.”

“कपाटामागे कधीच नव्हते मी. तिथे झुरळं असायची.”

“मग कुठे?”

“सांगून कसं चालेल? गेम आहे ना तो.” ती थांबली. “आहे ना?”

“आहे,” टकघस म्हणाला. “बारके, मी तेव्हा जे बोललो ना, ते—”

बेल वाजली. लांब, तीनदा तुटत. पहिली गाडी. चष्मा आधीच बॅग घेऊन दारात होता. पलीकडून मॅडम पत्ता वाचायला लागल्या, तिसरा मजला, छातीत दुखतंय, लिफ्ट आहे पण बंद.

“बेल ना ही?” बारकी म्हणाली.

“हो.”

“मग टाइमप्लीज तरी म्हणा. नुसते उठून जाऊ नका.”

त्यानं फोन खांद्यात धरून उजवा बूट चढवला, मग डावा. पैलवानानं कंट्रोलर त्याच्या मांडीवरून उचलला आणि गेम बंद न करता, काहीच न दाबता, तसाच दोन्ही हातांत धरून बसला.

“टाइमप्लीज,” टकघस म्हणाला. “तिथेच थांब, बारके. मला निघायला हवं आता.”